घागर टाकण्याआधी

बसा, बसा. पोरींनो, पुढे या, इथे सावली आहे. मास्तरांनी मला सांगितलंय, आजी, थोडक्यात बोला. आता थोडक्यात बोलायला शाळेत शिकवतात म्हणे, पण तो धडा यायच्या आधीच माझी शाळा सुटली. हिराबाय असती तर म्हणाली असती, "बोल गं, तुला कोण अडवतंय?" ती गेली, म्हणूनच आज तिच्या शोकसभेत मी बोलायला उभी आहे. आयुष्यभर मी बोलायची आणि ती ऐकायची. आज सगळा वरोर गाव ऐकायला बसलाय, आणि माझी ऐकणारी गेली.

डहाणू रोडवरून, तलासरीवरून पाहुणे आलेत, त्यांच्यासाठी सांगते. हिराबाय माझी शेजारीण. दोघींच्या ओट्यांमध्ये बोंबील वाळवायचा एक मांडव, तेवढंच काय ते अंतर.

मी नवी सून. पहिल्याच सकाळी विहिरीवर गेले आणि धाडकन घागर सोडणार, तोच कोणीतरी माझं मनगट धरलं. "थांब गं. आधी त्यांना बाजूला होऊ दे." कोणाला? मी वाकून बघितलं, तर पाण्यावर निवळ्या! काडीसारख्या लांब पायांचे ते किडे, पाण्यावरून सरसर पळतात आणि पाय मात्र भिजत नाहीत, ते. हिराबायने विहिरीत तोंड घातलं आणि हाक दिली, "बाजूला व्हा गं बायांनो, घागर येतेय!" आणि त्या झाल्या की हो बाजूला! सावली हलली म्हणून पळाल्या असतील, हे आता कळतं. तेव्हा मला वाटलं, काय दरारा आहे या बाईचा!

आमच्या आळीची रीतच होती ती. हाक द्यायची, थांबायचं, मग घागर सोडायची. निवळ्या पळताहेत ना, मग पाणी चांगलं. डोळे मिटून प्यायचं.

मग इंजिनाच्या होड्या आल्या. हिराबायचा नवरा शिडाच्या होडीने गेला होता, वाऱ्यात सापडला, तो आलाच नाही. त्यामुळे तिच्या पोराच्या, जनाच्या होडीला इंजिन बसलं तेव्हा तिने नारळ फोडला, इंजिनाला फूल वाहिलं. जना रोज संध्याकाळी घरी दिसायला लागला. आईला आणखी काय पाहिजे? होडीच्या लाकडासाठी विहिरीवरचं जुनं उंडीचं झाड तोडलं, तेव्हाही कोणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही. सावली गेली, भर दुपारी पाणी कोमट लागायला लागलं. आणि पोरं तेलाचे डबे, तेलाची फडकी विहिरीच्या कट्ट्यावर धुवायला लागली. कट्टा फुटका. पाणी कुठे जाणार?

एका उन्हाळ्यात हिराबाय हाक देऊन थांबली, आणि बाजूला व्हायला कोणी नव्हतंच.

आम्ही दोघी सुकट विकायला तलासरीच्या बाजाराला जायचो. तिथल्या ओहोळात निवळ्याच निवळ्या! हिराबाय म्हणाली, "चार घेऊन जाऊ. माहेरच्या मुली सासरी नांदतात, या का नांदणार नाहीत?" तिने पदराने त्या धरल्या आणि मडक्यात सोडल्या. गाडीत गुजराती कंडक्टर मडक्याकडे बघून विचारतो, "मासी, अंदर शुं छे?" मी म्हटलं, "नवऱ्या आहेत रे बाबा, वरोरला दिल्या." तो हसला. तिकीट मात्र सोडलं नाही, आमच्या दोघींचं घेतलंच.

घरी येऊन बघतो तर काय, सगळ्या बुडालेल्या. पाण्यावर पळणाऱ्या, त्या पाण्यात बुडाल्या! मी म्हटलं, गाडीचे धक्के बसले असतील. हिराबायने मडक्यात बोट बुडवलं, उन्हात धरलं. बोटावर रंग चमकले. होडीला लावायचं माशाचं तेल आम्ही त्याच मडक्यात ठेवायचो. राखेने घासलं होतं हो, पण तेल कसलं जातंय!

"तेलाने पाय भिजले यांचे," ती म्हणाली. मग उठली आणि थेट विहिरीवर. जना तिथे डबा विसळत होता.

"जना, उचल तो डबा."

"आये, चार थेंब तर आहेत."

"तेवढ्यातच बुडतात त्या. तुझं इंजिन तुला घरी आणतं, मी त्याच्या पाया पडेन. पण त्याचं तोंड माझ्या विहिरीत धुवायचं नाही."

जना, मान खाली घालू नकोस रे. तूच तर कट्टा बांधून दिलास. डबे दूर नेलेस. तिने उंडीचं रोप लावलं, त्याला कुंपण तूच केलंस. सगळं केलंत तुम्ही.

पण निवळ्या आल्या नाहीत.

तरी हिराबाय रोज हाक द्यायची. रिकाम्या पाण्याला! पोरी हसायच्या, "आजी, आत कोण आहे?" ती म्हणायची, "आज नाहीत. पण येतील तेव्हा हाक तर ओळखीची पाहिजे ना." शेवटी अंथरुणाला खिळली, तेव्हा मी पाणी घेऊन आले की आधी विचारायची, "दिसल्या?" मी म्हणायची, "नाही गं." मग ती भिंतीकडे तोंड करायची. मी जन्मभर बडबडले, आणि तिला हवं होतं ते एवढंसं बोलणं काही माझ्या तोंडून निघालं नाही.

काल माझी नात विहिरीवर गेली. एवढीशी आहे हो, रहाटाला हातही पोचत नाही! तिने जन्मात निवळी बघितलेली नाही. पण टाचा उंच करून आत डोकावली आणि माझ्याआधी तिनेच हाक दिली, "बाजूला व्हा गं बायांनो!" मला हसू आलं, आणि डोळ्यांतून पाणी. हिराबाय, तू ऐकायला पाहिजे होतंस गं.

मास्तर म्हणतात, आता उभं राहून शांतता पाळायची. पाळू. पण इथे नको. चला विहिरीवर. तिथे वाकून पाण्याकडे बघत गप्प उभे राहू, घागर टाकण्याआधी राहायचो तसे. कोणाला काही हलताना दिसलं, तर ओरडू नका. नुसता माझा हात दाबा.

हिराबाय, तू गेलीस तिथेही पाणी असेल. तुझ्यासाठी सगळ्या बाजूला होवोत. नमस्कार गं बाय.