पालीचा रिकामा गोल

आमच्या पालीच्या फुटबॉल टीमची सगळ्यात भारी मॅच कुठली, यावर चहाला बसलो की वाद ठरलेला. बाकीचे जिंकलेल्या फायनल सांगतात. मी सांगतो सत्तर सालाच्या आसपासची, किनाऱ्यावरची, अर्धवट राहिलेली.

आम्ही एका गोलने पुढे होतो. अचानक आमचा गोली डॉमनिक ओरडला, "होडी उलटली," आणि गोल सोडून समुद्राकडे धावला. बॉल तेव्हा समोरच्या टीमच्या रघूच्या पायात होता. रघूने तो तिथेच सोडला आणि डॉमनिकच्या मागोमाग पाण्यात उडी घेतली. दोघांनी मिळून होडीवरच्या बापलेकांना जिवंत बाहेर काढलं.

वाळूवर धापा टाकत बसलेल्या रघूला मी विचारलं, "गोल रिकामा होता. का न्हाय मारलास?"

तो म्हणाला, "गोली कुठं होता अडवायला?"