साठच्या पुढची थरथर

गॅरेजच्या बाकावर मी माझ्या स्कूटरची वाट बघत बसलो होतो. समोर एका म्हाताऱ्याची जुनी पिकअप उभी होती आणि मिस्त्री तिच्याखाली आडवा झाला होता.

"काका, जॅक लावायचा नाही, चाकांवर भार राहू दे. तुम्ही आत बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवा."

"हे घे. काल साठच्या पुढे गेलो, चाक खड्ड्यात आदळलं आणि पुढचं सगळं अंगात आल्यासारखं थडथडायला लागलं."

"आधी कधी झालं नव्हतं?"

"माझ्या हातात असताना नाही. कालचं सोडलं तर मी चाळीसच्या पुढे जातच नाही."

"मग दुसरं कोण चालवायचं?"

"लेक. तो म्हणायचा, बाबा, गाडी थरथरते. मी म्हणायचो, गाडी नाही, तुझे हात थरथरतात, पिणं सोड."

"प्यायचा?"

"कधीमधी. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हातून हीच गाडी उलटली, त्या दिवशी प्यायलो नव्हतो, असं शपथेवर सांगत होता."

"थांबा. खाली येऊन बघा. या आडव्या दांड्याचा सांधा पार खिळखिळा झालाय, म्हणूनच वेगात खड्डा बसला की थरथरते. गाडी जॅकवर चढवली की हे दिसत नाही."

"कालच झालं असेल."

"नाही हो काका. गंज बघा ना. दोन-तीन वर्षांचं दुखणं आहे हे. नवा सांधा टाकतो. लेकाला सांगा, आता बिनधास्त पळव."

"त्याला मी घराबाहेर काढलं. कुठे असतो, माहीत नाही."

"काकूंना विचारा. लेकरं आईला कळवतात."

"नाही कळवत. घराबाहेर काढलं त्या दिवशी तो तिच्याकडेच बघत होता. मी तिला म्हटलं, तुझा लेक खोटं बोलतोय."

"आणि काकू?"

"तिनं माझं ऐकलं."