चिकटत नाही तो दगड

कन्हानच्या थांब्यावर निवृत्त हेडमास्तर गोपाळराव नागपूरच्या बसची वाट पाहत पेपर वाचत होते. पण शेजारी मँगनीजच्या खाणीत दगड निवडणारी बायजाबाई आणि तिची शेजारीण कौशल्या बोलत होत्या. त्यांच्यापुढे पेपराचा काय पाड?

"तुही पोरगी यशोधरा कायची डॉक्टर झाली वं?" कौशल्येनं विचारलं.

"आपल्या काळ्या दगडातलं चुंबक शोधलं तिनं."

"म्या काल चुंबक लावून पाह्यलं. चिकटत नाही. पोरीले कोणी फसवलं बाई."

"चिकटते त्यात लोखंड रायते. तो दगड मी टोपल्यात घेतच नाही. तीस वर्षं झाले, हातात घेतला का वजनानं सांगते."

"मंग चुंबक हाय कुठी?"

"आतमंदी. कणाकणाले आपलं बारीक चुंबक. बरफाहून लय गार केलं, का एकाचं तोंड वर अन् शेजारच्याचं खाली. जोर सारखाच. म्हणून भायेर काही समजत नाही."

"मंग तिले कसं समजलं?"

"मशीन हाय. पण दगड चोखा पायजे. बजारातून आणला, त्यात लोखंडच निंगालं. मंग म्या निवडून देल्ला."

"तू निवडला, हे कोणाले मालूम?"

बायजाबाईनं पिशवीतून यशोधरेच्या प्रबंधाचं जाड पुस्तक काढलं. पानात बसचं तिकीट खुणेला घातलं होतं.

"गुरुजी, एवढं वाचा जी. इंग्रजी हाय."

गोपाळरावांनी चष्मा पुसला आणि मराठीत सांगितलं, "या कामातला प्रत्येक दगड माझी आई बायजाबाई हिनं हातानं निवडला. यंत्राला त्यात खोट सापडली नाही."

बस आली. बायजाबाई उठली नाही.

"एकडाव अजून वाचा जी. कौशल्याले कमी ऐकू येते."