चमचाभर पानी

मह्यं माहेर उमापूरचं, दिलं चकलांब्याला. मालक दूध सोसायटीत माप घ्यायचे, बोलायला लई खमंग, माप झालं तरी बाया तिथंच उभ्या आन मी घरी वाट बगत. त्या दुष्काळात जनावरं चारा छावनीवर गेली, मालकबी त्यांच्यासंगं तिथंच. एक दिस सकाळी दावनीपाशी खाली बसले, तोंड एकीकडं गेलं, बोलनं बोबडं झालं. लकवा. जीपमधी घालून बीडला नेलं.

दवाखान्यात सिस्टर म्हनली, तोंडातून काईच द्यायचं न्हाई, पानीबी न्हाई. मी म्हनलं, कावून बाई? तर म्हनली, तपासल्याबिगर न्हाई. काय सांगू तुमाला, मानूस व्हटावरून जीब फिरवतंय आन आपुन नुसतं बगायचं.

मग तीच सिस्टर आली, खाट उशाकडून वर केली, बोटं गळ्यावर ठिवली आन चमच्यात पानी घिऊन मालकाच्या तोंडापाशी नेलं. महा तर जीवच गेला. आमच्यात असं चमच्यानं पानी कवा घालतेत, मानूस चालला की. म्या तिचा हातच धरला, म्हनलं, नगं बाई, लेक यायची हाय अजून. सिस्टरला उमगलं. म्हनली, मावशी, हे जायचं पानी न्हाई, हे बगायचं पानी हाय, गिळतेत का ठसकतेत ते. सोडा हात.

चमचा तोंडात गेला आन मालक ठसकले, आवाजबी पान्यातून आल्यावानी घरघर. तिनं चमचा ठिवून दिला. म्हनली, पानी फुफ्फुसात उतरायचं, सध्या खानंपिनं नाकातल्या नळीतूनच. मी भाईर जाऊन लई रडले.

सिस्टर रोज येऊन बगायची. मालक हातानं खुनवायचे, पानी दे, आन मी मान फिरवायची, शिव्या देता येत न्हवत्या म्हनून बरं. मग एका सकाळी ती म्हनली, मावशी, आज तुमी घाला. मनात तेच, जायचं पानी. तरी घातलं. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली, ठसका न्हाई. आवाज घरघरतो का ते बगायला सिस्टर म्हनली, बाबा, आ म्हना. तर मालक म्हनले, एवढंच पानी व्हय?

आता घरीच हायेत. ताठ बसवायचं, हनवटी जरा खाली, आन पानी चमच्या चमच्यानं. लेक म्हनती, आई, मी घालते, पर म्या चमचा कुनाच्या हातात देत न्हाई. सकाळचा पयला घोट नीट उतरला की मगच मह्या चहाला हात लावते. असंच चालू ऱ्हाऊ दे, दुसरं मागनं न्हाई.