पन्नासाचं वर्गमूळ

माझा जलम दिग्रसच्या इकडल्या तांड्यातला, घरात आम्ही गोरबोली, आम्हा बंजाऱ्यायची भाषा, बोलत होतो, शाळेत मराठी, अन् गणित कोन्या भाषेत हाये ते मले तवाही समजलं नाई, नववीत असताच लग्न लावून देलं, बात खतम. मंग अंगणवाडीत मदतनीस लागली, खिचडी शिजवली, पोरायचे नाकं पुसले, केस पिकले माझे तिथंच. आता म्हणे सेविका व्हायचं असन तं दहावी पाहिजे. बसली बाहेरून परीक्षेले, सारे विषय निघाले, गणितानं पाडलं. अंगणवाडीची सुपरवायझर मॅडम म्हणे, या खेपेले नाई झालं तं जागा दुसरीले जाईन.

तं सून माझी, कविता, बारावी शिकेल, ते शिकवाले बसली. याडी म्हणते मले, म्हंजे आई. पाचाचा वर्ग किती? दहा, म्हतलं मी. याडी, पाच दुणे नाई, पाच पंचे, पंचवीस. बरं. सहाचा? बारा. तिनं कपाळाले हात लावला. अन् वर्गमूळ तं इचारूच नका तुम्ही, चौसष्टचं काय, तं म्या अर्धं केलं, बत्तीस. अर्धं नाई याडी, कोणता आकडा त्यानंच गुणला तं चौसष्ट येते ते पाहा. मले असा राग आला, म्हतलं मुळं झाडाले असते, आकड्याले कायले पाहिजे, अन् पुस्तक फेकलं. तिनं भाताचा गंज चुलीवरून काढून आदळला. बोलणं बंद.

मंग वावरात गेलतो दोघी, सरकी टोबाले, एकेक बी मातीत खुपसाले. उभे-आडवे काकर मारेल होते, मातीत रेघा ओढल्यावानी, फुलीवर एकेक झाड येईन असं बी टाकाचं, अन् एका ओळीले आम्ही तास म्हणतो. तेच बोलली आधी, याडी, सात तासं, दर तासात सात झाडं, किती? एकूणपन्नास, म्हतलं मी. पाहा, चौकोन भरला. हाच वर्ग. अन् एकूणपन्नासाचा चौकोन असन तं एका तासात किती? सात. हेच मूळ. अव माय, येवढंच व्हय? मंग इतके दिवस माझा जीव काहून खाल्ला वं! मंग पन्नासाचं सांग, म्हतलं. सातापेक्षा थोडंसं जास्त. थोडंसं जास्त झाड कसं लावू? लावू नका, लिहा फक्त. मले अजूनई पटलं नाई ते, पण लिहिलं.

निघाली पास, मार्क इचारू नका. आता सेविका झाली मी. कविताले म्हतलं, तुयंही शिक्षण आमच्यापायी राह्यलं, जाय कालेजात, भाकरी मी थापतो, पण या घरात गणिताचं नाव काढू नको. तं विषय कोणता घेतला असन तिनं? गणितच! सकाळपासून पाढे बडबडून राह्यली. काय सांगू तुम्हाले ताई, सुखी राहो माय माझी, पण हळू बोल म्हणा.