टाकीखालची वायर

जऊळक्याच्या ठेसनावर रंगूबाई माहेरच्या गाडीची वाट पाहत बसली होती. बाकामागे दोघं बोलत होते. एक तिच्या नवऱ्याच्या, इंद्रभानच्या, मालकाचा दिवाणजी, दुसरा अकोल्याचा मिस्त्री.

"दिवानजी, बगीच्यातला जुना, पेट्रोलवरचा ट्रॅक्टर चालवू नका. पेट्रोलच्या टाकीखाली वायर सोलून गेली. किल्ली फिरवली का ठिनगी उडते."

"टाकी तं झिरपून राह्यली."

"म्हनून तं मी बॅटरीची तार काढून ठेवली. नवी वायर घेऊन सोमवारी येतो."

"मी परत लावली ते तार."

"काहून?"

"मालकाले संत्र्यात आजच वखरन पायजे."

"चालवते कोन?"

"इंद्रभान. जेवला का बसन."

"त्याले सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तो बसला असता काय?"

रंगूबाईनं गाठोडं तिथंच टाकलं अन् रूळ ओलांडून बगीच्याकडे धाव घेतली. ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज येतो का, याकडे कान लागले होते.

इंद्रभान सीटवर बसला होता. हात किल्लीवर होता.

"उतरा खाली."

"काहून? तू तं माहेरी चालली होती न?"

"आधी उतरा. मंग सांगतो."

तो उतरला. संत्र्याची झाडं संपेपर्यंत तिनं त्याचा हात सोडला नाही.