मामाच्या ओळखीबाहेरचं भूत

हसवणारे भुताचे सिनेमे कुठले बघावेत, हे मला विचारू नका. मी एकच बघितला, तोही अर्धा, आणि पुढं काय झालं म्हणून अजून जीव तळमळतो.

व्हिडिओ नवा निघाला होता तेव्हा. पौडहून भाड्यानं आणलेला, भर दुपारी गावच्या तालमीत, खिडक्यांना पोती लावून. माझ्या शेजारी तुकामामा, आईचा भाऊ, काखेत अंगाऱ्याची पिशवी. लोकांच्या अंगातली भुतं उतरवणारा माणूस, त्यामुळं सारखा चुका काढत होता. "पाय सरळ हायेत. हे कसलं भूत?" लोक सिनेमापेक्षा मामालाच जास्त हसत होते.

भुतानं तोंडावरचा पदर वर करायला हात घातला आणि लाईट गेली.

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मी उठतोय, बसतोय, पुन्हा उठतोय. मध्येच मामा अंधारात चाचपडत पुढं गेला, परत आला आणि माझा दंड घट्ट धरून बसला.

लाईट आली. व्हिडिओवाल्यानं बटण दाबलं, भूत परत दिसलं, तर त्याच्या कपाळावर अंगारा. कुणीतरी टीव्हीच्या काचेवर बोटानं फासलेला. सगळी तालीम मामाच्या पिशवीकडं बघायला लागली.

मामा उठला आणि मला ओढतच बाहेर निघाला.

"मामा, तू एवढी भुतं उतरवतोस, आन् ह्याला भ्यालास व्हय?"

"आपल्याकडची समदी वळखीची हायेत रं," मामा म्हणाला. "हे मुंबईचं हाय."